ड्रॉपचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की होस्टेलवर घरून फोन सुरू होतात. धाकटा भाऊ, मामेबहीण, शेजारच्या काकूंचा मुलगा... प्रश्न एकच, "दादा, ड्रॉप घेऊ का?" मी बारावीनंतर एक वर्ष घरी अभ्यास करून इथे आलो, त्यामुळे आमच्या मजल्यावरचे असले सगळे फोन माझ्याकडेच वळवले जातात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

आधी नियम. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोनच वर्षं. म्हणजे २०२५ ला पहिल्यांदा बारावी दिलेल्याला २०२५ आणि २०२६, बस्स! आयआयटीसाठी दुसरा ड्रॉप घेणं नियमातच बसत नाही. शिवाय मेनवरून एनआयटीत जायचं तर बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. यातलं काहीच हातात नसेल, तर वर्षभर नुसतं मेन घोकून उपयोग काय? सोबत बोर्डाच्या श्रेणीसुधारचा फॉर्म भरायलाच हवा. क्लासच्या जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं नसतं.

आता मार्क. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की गेले कुठे? कारण दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. आपली सीईटी २०० मार्कांची. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे अर्धा पेपर एकट्या गणिताचा. चुकलं तर मार्क कापत नाहीत आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्केच. मेनमध्ये तिन्ही विषयांना १००-१००, चुकलं की एक मार्क वजा, आणि अकरावीला सुट्टी नाही. आपल्याकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष! ज्याची अकरावी अशी कोरीच राहिली, त्याला मेनसाठी ड्रॉपचा खरा फायदा होतो, कारण शिकायला काहीतरी नवीन शिल्लक असतं. पण दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज सगळं मन लावून करून जो तिथेच अडकलाय, त्याला तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून फार काही मिळेल असं मला वाटत नाही.

होस्टेलमधल्या फर्स्ट इयरवाल्यांचा प्रकार निराळा. प्रवेश घ्यायचा आणि रूमवर गुपचूप मेनचा अभ्यास करायचा. याला म्हणे 'पार्शल ड्रॉप'! मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, आपली सेमिस्टर परीक्षा त्याच्याच आगेमागे. आमच्या शेजारच्या रूममध्ये हा प्रयोग झाला. एम-वन राहिला आणि मेनचा स्कोअरही जागचा हलला नाही. सोडायचंच असेल तर प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी सोडा. तोवर रद्द केल्यास जास्तीत जास्त हजार रुपये कापून फी परत मिळते, मूळ कागदपत्रंही अडवता येत नाहीत. नंतर मात्र फी विसरा.

राहिला घरचा विषय. माझे पहिले तीन-चार महिने बरे गेले. दिवाळीत सगळे मित्र कॉलेजच्या गमती घेऊन गावी आले, तेव्हा मी चार दिवस घराबाहेर पडलो नाही. मुलींचं याहून अवघड. 'एक वर्ष घरी' म्हटलं की नातेवाइकांना स्थळं सुचायला लागतात. म्हणून मामेबहिणीला मी सरळ सांगितलं, "सीईटीतून कॉम्प्युटर मिळतंय ना, मग घे. मामाला मी समजावतो." मामा अजून पुरते पटलेले नाहीत, पण पहिला हप्ता भरलाय.

जो ड्रॉप घेणारच, त्याने गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. प्रवेशाच्या वेळी मागतात, आणि त्या आठवड्यात तहसीलबाहेर ही भली मोठी रांग असते.