अरावलीतील पुनर्जीवित वन आणि शेताचा बांध

राजधानी दिल्लीलगत, गुरुग्राम येथे असलेले अरावली जैवविविधता उद्यान सुमारे 390 एकरांवर पसरले आहे. पूर्वी या टेकड्यांवर दगडखाणी होत्या. खाणकाम थांबल्यावर तेथे मुख्यत्वे वेडी बाभूळ माजली. 2010 पासून महानगरपालिका, ‘आय ॲम गुडगाव’ ही नागरी संस्था आणि स्वयंसेवक यांच्या प्रयत्नांतून येथे स्थानिक वनस्पती पुन्हा वाढविण्यात आल्या. अरावलीतील उरलेल्या वनांतून बी गोळा करून धौ, सालई, पळस, खैर यांची रोपे तयार केली गेली. 2022 मध्ये, अधिकृत अभयारण्याबाहेर असूनही परिणामकारक संवर्धन साधणारे देशातील पहिले क्षेत्र म्हणून या उद्यानास मान्यता मिळाली.

पर्यटक येथे पक्षी, नीलगाय, कोल्हे यांचा शोध घेतात. शेतीच्या अभ्यासकाने मात्र पानाची खालची बाजूही पाहावी. वेडी बाभळीने टेकड्या हिरव्या केल्या होत्या, तरी हिरवेपणा म्हणजे विविधता नव्हे. कीटकांचे वनस्पतींशी नाते निवडक असते. ‘प्लेन टायगर’ फुलपाखराची अळी रुईवर्गीय वनस्पतींची पाने खाते. प्रौढ फुलपाखरू मात्र अनेक फुलांतील मध घेते. अळीचे अन्न व प्रौढाचे अन्न, दोन्ही जवळ असतील तरच ते फुलपाखरू तेथे टिकते.

हाच नियम शेतातील मित्रकीटकांना लागू पडतो. क्रायसोपर्लाची अळी मावा खाते. प्रौढाला मध व परागकण लागतात. सिरफिड माशी आणि अनेक परोपजीवी गांधीलमाश्या यांचेही तसेच. ज्या शिवारात पिकाबाहेर एकही फूल नाही, तेथे सोडलेले मित्रकीटक फार काळ थांबत नाहीत.

तथापि, माजलेला बांध म्हणजे राखलेला बांध नव्हे. कपाशीलगतच्या गाजर गवतावर पिठ्या ढेकूण आश्रय घेतो. असे तण फुलण्यापूर्वीच उपटावे. त्याऐवजी बोर, पळस, करवंद यांसारखी स्थानिक झाडेझुडपे राखावीत. सोबत बडीशेप, कोथिंबीर यांच्या काही ओळी फुलू द्याव्यात. फुललेल्या बांधावर कीटकनाशकाचा फवारा उडणार नाही, याची दक्षता घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी अशा उद्यानाची शिवारफेरी आयोजित करताना एक साधा पाठ ठेवावा. प्रत्येक शेतकऱ्याने एका झुडपासमोर दहा मिनिटे उभे राहून पाने, कळ्या व फुले यांवरील कीटक नोंदवावेत. गावी परतल्यावर त्याच वेळी स्वतःच्या बांधावर तशीच नोंद घ्यावी. दोन नोंदींतील फरक पाहिल्यावर बांधावर काय लावावे आणि काय उपटावे, याचा विचार शेतकरी स्वतःच करू लागेल.