दुसऱ्याची माहिती ही ठेव होय

आमच्या नागपुरांत मिहान येथें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस इत्यादि कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. अशा कंपन्यांकडे परदेशी पेढ्या आपलें संगणकावरील काम करारानें सोंपवितात. त्या कामाबरोबर अनेकदां असंख्य लोकांची नांवें, पत्ते व हिशेबही येतात. ही माहिती कोणाची? दळण गिरणींत दिलें म्हणून पीठ गिरणीवाल्याचें होत नाहीं. तोच न्याय येथें समजावा.

सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले व अंमल टप्प्याटप्प्यानें ठरला. काम दुसऱ्यास दिलें तरी मूळ माहिती घेणाराच जबाबदार, हें त्याचें एक मुख्य सूत्र होय. परदेशांतील लोकांच्या माहितीचें काम परदेशी कराराअन्वयें येथें होत असल्यास पुष्कळ कलमांतून सूट आहे. परंतु माहिती सुरक्षित राखण्याचें कर्तव्य सुटत नाहीं. त्यांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

कांहीं अपवाद वगळतां, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीस पालकांची संमति हवी असें हा कायदा म्हणतो. म्हणून ती देण्यापूर्वीं माहिती कशासाठीं व पुढें कोणाकडे जाणार, हें पालकांनीं अवश्य विचारावें. आणि जे विद्यार्थी उद्यां त्या कचेऱ्यांत बसतील, त्यांनीं परक्याचें नांव घरच्या नांवाइतकेंच जपावें, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.