'हिम'नंतर येणारे नाम

'शी मेड हिम अ शर्ट' आणि 'शी मेड हिम अ जंटलमन' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. (सोयीसाठी इंग्रजी वाक्ये देवनागरीतच लिहीत आहे.) कर्ता तोच, क्रियापद तेच, सर्वनाम तेच, त्यापुढे एक नाम. तरी पहिल्या वाक्यात तिने त्याच्यासाठी सदरा शिवला आणि दुसऱ्यात तिने त्यालाच सभ्य गृहस्थ बनवले. बाहेरून एकच दिसणाऱ्या या दोन घडणींत फरक कोणता आणि तो ओळखायचा कसा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओळखण्याची सोपी कसोटी अशी. सर्वनाम आणि पुढचे नाम यांच्यामध्ये 'इज' घालून पाहावे. 'ही इज अ जंटलमन' हे वाक्य जमते. 'ही इज अ शर्ट' म्हटले तर हसे होईल. जेथे जमते तेथे नाम हे कर्माचे पूरक असते, म्हणजे ते त्याच माणसाविषयी आणखी काही सांगते. जेथे जमत नाही तेथे नाम हे स्वतंत्र, प्रत्यक्ष कर्म असते आणि सर्वनाम अप्रत्यक्ष कर्म. दुसरी कसोटी शब्दयोगी अव्ययाची. सदऱ्याचे वाक्य उलटवून 'शी मेड अ शर्ट फॉर हिम' करता येते. जंटलमनचे वाक्य असे उलटवले तर अर्थच बदलतो. 'कॉल', 'मेक', 'इलेक्ट', 'नेम' ही क्रियापदे पूरक घेणारी; 'गिव्ह', 'सेन्ड', 'शो', 'लेन्ड', 'टीच', 'बाय' ही दोन कर्मे घेणारी. 'मेक' आणि 'कॉल' दोन्ही घरी नांदतात, म्हणून घोटाळा होतो तो बहुधा त्यांच्याच बाबतीत. हॉटेलातला पाहुणा दरवानाला 'कॉल मी अ टॅक्सी' म्हणतो आणि दरवान अदबीने 'यू आर अ टॅक्सी, सर' असे उत्तर देतो, हा इंग्रजीतला जुना विनोद याच घोटाळ्यावर उभा आहे. मराठीत तो सांगताच येत नाही. 'माझ्यासाठी टॅक्सी बोलाव' आणि 'मला टॅक्सी म्हण' ही वाक्ये आपल्याकडे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

पण म्हणून मराठीत ही घडणच नाही असे समजू नये. 'आईने त्याला भाकरी केली' आणि 'गावाने त्याला सरपंच केले' ही वाक्ये घ्या. येथेही 'त्याला'पुढे प्रत्यय नसलेले नाम आणि 'करणे' हेच क्रियापद आहे. मग आपण गोंधळत का नाही? कारण आपले क्रियापद चुगली करते. पहिल्या वाक्यात 'केली' हे भाकरीच्या लिंगाप्रमाणे चालते. तो कर्मणी प्रयोग आहे. दुसऱ्यात 'केले' कोणाचेच ऐकत नाही; तो भावे प्रयोग आहे. स्त्रीलिंगी नाम घेतले की हे अधिक स्वच्छ दिसते. 'राजाने तिला अंगठी दिली', परंतु 'राजाने तिला राणी केले'. (बोलताना 'राणी केली' असेही कानांवर येते, ते येथे सोडून देऊ.) म्हणजे जे काम मराठी क्रियापदाच्या शेवटच्या स्वराने होते, ते इंग्रजीत वाचणाऱ्याला अर्थावरून करावे लागते. प्रयोग हे प्रकरण शाळेत आपण केवळ गुणांसाठी पाठ केलेले असते. त्याचा असा उपयोग पाहिला म्हणजे मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'कडे मी तरी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

आता 'हिम' या शब्दाचेच पाहू. प्राचीन इंग्रजीला आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या. त्या काळी 'हिम' हे चतुर्थीचे रूप होते. द्वितीयेचे रूप 'हिने' असे निराळे होते. (आपल्या 'हिने'शी त्याचे नाते नाही, उच्चाराचा योगायोग तेवढा.) पुढे 'हिने' लोपले आणि 'हिम'च दोन्ही कामे करू लागले. 'हूम' हेही मुळात चतुर्थीचे, आणि स्कँडिनेव्हियातून आलेले 'देम'सुद्धा चतुर्थीचेच. या तिघांच्या शेवटी ऐकू येणारा 'म' हा त्या जुन्या विभक्तीचा अवशेष आहे. तेव्हा 'गिव्ह हिम अ बुक'मध्ये 'त्याला'मधला 'ला' कोठे गेला असे विचारण्याचे कारण नाही. तो 'हिम'च्या पोटातच आहे! मराठीतही द्वितीया आणि चतुर्थी यांचा 'ला' एकच. 'त्याला पाहिले' आणि 'त्याला पुस्तक दिले' यांत आपण वेगळे रूप वापरत नाही. सर्वनामापुरत्या या दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, हे मला फार गमतीचे वाटते.

नामांवरचे प्रत्यय मात्र इंग्रजीने टाकून दिले, आणि तेथून शब्दांच्या जागेला महत्त्व आले. आपण 'पुस्तक रामाला दिले', 'रामाला पुस्तक दिले', कसेही म्हणावे. इंग्रजीत जागा बदलली की 'टु' आणावा लागतो. दोन्ही कर्मे सर्वनामे असली तर 'आय गेव्ह इट टु हिम' हीच रूढ रचना. 'आय गेव्ह हिम इट' क्वचित ऐकू येते. साधारणपणे लहान आणि आधीच माहीत असलेला शब्द पुढे, नवा आणि लांब शब्द मागे, अशी त्या भाषेची चाल आहे. सर्वनाम हे स्वभावतःच लहान आणि माहीत असलेले, म्हणून क्रियापदाला चिकटून बसण्याचा मान त्याला मिळतो.

खरी अडचण पुढेच आहे. 'मला कविता समजावून सांगा' याचे सरळ इंग्रजी आपल्यापैकी पुष्कळजण 'एक्स्प्लेन मी द पोएम' असे करतात. 'सजेस्ट मी अ बुक' तर वर्गात, ग्रंथालयात, सर्वत्र ऐकू येते. इंग्रजीच्या नियमाप्रमाणे दोन्ही अशुद्ध. 'एक्स्प्लेन द पोएम टु मी' असेच म्हणावे लागते. मग 'टेल मी' चालते, 'शो मी' चालते, 'एक्स्प्लेन मी'नेच काय घोडे मारले? याचे उत्तर बऱ्याच अंशी शब्दांच्या कुळात सापडते. 'गिव्ह', 'टेल', 'शो', 'सेन्ड', 'लेन्ड', 'टीच' हे त्या भाषेचे घरचे, आखूड शब्द. 'एक्स्प्लेन', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट', 'डोनेट', 'इंट्रोड्यूस' हे लॅटिनकडून आलेले, लांब शब्द. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम असा भेद आहे, तसाच काहीसा हा प्रकार. घरच्या शब्दांना जुन्या चतुर्थीची सवय होती, पाहुण्यांना ती लागली नाही. अर्थात नियमाला फाटे आहेतच. 'पे', 'ग्रँट', 'प्रॉमिस' हे शब्दही बाहेरचेच, पण ते घरच्यांसारखे वागतात. त्यामुळे रजेच्या अर्जातले आपले 'प्लीज ग्रँट मी लीव्ह' अगदी बिनचूक आहे. उलट 'से' हा घरचाच आणि एवढासा, तरी 'से मी' कोणी म्हणत नाही.

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्यांना हे सारे कानाने कळते. 'एक्स्प्लेन मी' त्यांना खटकते. का खटकते ते सांगता आले नाही तरी त्यांचे अडत नाही. आमच्यासारख्यांच्या घरी तो कान तयार होण्याची सोय नाही. तेथे 'कान तयार करा' हा उपदेश ऐकायला बरा, पण परीक्षा मार्चमध्ये असते. अशा वेळी मला हॉर्नबी यांचा कोश उपयोगी पडला. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा कोश १९४२ साली प्रथम टोकियोत निघाला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला. म्हणजे ज्यांना इंग्रजीचा कान नाही अशांसाठीच तो मुळात रचला गेला. १९७४ च्या तिसऱ्या आवृत्तीत क्रियापदापुढे त्याच्या घडणीचा क्रमांक दिला आहे. 'गिव्ह'पुढे 'व्हीपी १२ ए' आढळतो, 'एक्स्प्लेन'पुढे आढळत नाही. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही क्रमांकांची पद्धत गेली आणि अक्षरांच्या खुणा आल्या. पण जुना कोश ग्रंथालयात असेल तर त्याची प्रस्तावना वाचावी. पुष्कळजण अर्थ पाहून कोश मिटतात आणि ते आकडे तसेच राहतात.

त्याच बाराव्या घडणीचा 'सी' हा पोटभेद आहे. 'आय एन्व्ही यू युवर गार्डन', 'इट कॉस्ट हिम टेन रुपीज' यांसारख्या वाक्यांत दोन कर्मे असतात, पण ती 'टु' किंवा 'फॉर' घालून उलटवता येत नाहीत. ही थोडीच आहेत, पाठ करून टाकावीत. 'शी मेड हिम अ गुड वाइफ' हे त्याहून विचित्र. येथे नाम 'हिम'चेही पूरक नाही आणि बनवलेली वस्तूही नाही; ती त्याला चांगली पत्नी लाभली, असा अर्थ. म्हणजे नाम कर्त्याकडे वळते आणि आपल्या पहिल्या कसोटीला हात टेकावे लागतात.

आणि 'आय फाउंड हिम अ गुड टीचर' या वाक्यापुढे तर दोन्ही कसोट्या थकतात. 'ही इज अ गुड टीचर' जमते, 'फॉर हिम'ही जमते. मी त्याला चांगला शिक्षक शोधून दिला, की तोच मला चांगला शिक्षक वाटला, हे पुढचे वाक्य वाचल्याखेरीज इंग्रजालाही सांगता येणार नाही.