फाटलेल्या कागदाची कड

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना ‘आमच्या घरातील जुने कागद’ या विषयावर चिकटवही तयार करावयास सांगितले होते. पूर्वी चिकटवही म्हटली की खळ, कात्री आणि जाड तपकिरी कागद एवढे साहित्य पुरत असे. आता पान संगणकावर जुळवितात, छापून घेतात आणि मग शिवतात. आपल्या शाळेतील बहुतेक कुटुंबे खानदेशातून सुरतेस आलेली. तेव्हा वह्यांत काय काय आले असेल याची कल्पना तुम्ही करू शकाल. नंदुरबार, शिरपूर, अमळनेर येथून आलेली पत्रे, मागावरच्या पगाराच्या चिठ्ठ्या, जुनी शिधापत्रिका, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, स्टुडिओत काढलेली आजी-आजोबांची छायाचित्रे. वह्या पाहताना मन भरून आले, हे आधीच सांगून टाकतो.

मात्र एक गोष्ट डोळ्यांस खुपली. जवळजवळ प्रत्येक चित्राची कड फाटलेली होती! संगणकात अशा कडा तयार मिळतात. एक कळ दाबली की कोरे करकरीत छायाचित्र फाटून निघते. परंतु ती सारी चित्रे एकाच रीतीने फाटलेली. डाव्या बाजूस जो दाता, तोच उजव्या बाजूस. आजोबांच्या चित्रास जी खाच, तीच आत्याच्या लग्नपत्रिकेस. कागद असा फाटत नाही.

त्यातच एका विद्यार्थिनीच्या वहीत एक पोस्टकार्ड होते. तिचे आजोबा तरुणपणी यंत्रमागावर काम करण्यासाठी सुरतेस आले. १९७८ साली गावाहून त्यांच्या थोरल्या भावाचे कार्ड आले. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. तुमच्यापैकी किती जणांना याचा अर्थ ठाऊक आहे? पोस्टकार्ड आपल्या देशात १८७९ साली सुरू झाले, आणि पुढे लोकांनी त्या एवढ्याशा तुकड्यास आपली अशी एक भाषा दिली. शुभवार्ता असेल तर हळदकुंकवाचे बोट लावीत. मृत्यूची वार्ता असेल तर कोपरा फाडीत. ज्यास वाचता येत नसे, त्यासही पोस्टमनच्या हातातील कार्ड पाहून काय ते कळे. असे कार्ड घरात नेत नसत. दाराबाहेरच वाचीत आणि फाडून टाकीत. या आजोबांनी कारखान्याच्या दाराशी उभे राहून ते वाचले. वडील गेले होते. कार्ड फाडावयास त्यांचा हात होईना. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला, तेव्हा त्यांच्या रांदेरच्या घरातील पेटी पाण्याखाली गेली. शाईच्या पेनाने लिहिलेली अक्षरे पसरली, पाण्याची तपकिरी रेघ कार्डावर राहिली. तरीही कार्ड राहिले.

विद्यार्थिनीने त्या कार्डाची संगणकावर प्रत घेतली आणि मोठ्या कौशल्याने त्याचा फाटका कोपरा भरून काढला. रंग इतका जुळविला होता की जोड दिसत नव्हता. वह्यांच्या प्रदर्शनास आजोबा स्वतः आले होते. पान बराच वेळ पाहून ते मला म्हणाले, “गुरुजी, पोरीने पान चांगले केले. पण माझ्या कार्डाला कोपरा का लावला?”

मुलगी गोरीमोरी झाली. “सर, फाटलेले वाईट दिसत होते, म्हणून नीट केले,” एवढेच ती म्हणाली. तिचा दोष मी मानीत नाही. जे धड होते ते तिने शोभेसाठी फाडले होते आणि जे फाडलेले होते ते सांधले होते; पण फाटलेली कड म्हणजे काय, हे आम्ही तरी तिला कोठे शिकविले होते? तो पाठ येथे देत आहे.

प्रथम संगणक बंद ठेवा. भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेचे एक रंगीत पान घ्या आणि हातांनी सावकाश फाडा. कागद हा असंख्य सूक्ष्म तंतूंचा एकमेकांत गुंतलेला थर असतो. सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो, निलगिरीसारख्या झाडांचा सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही आखूड. कात्री हे तंतू कापते, म्हणून तिची कड तुळतुळीत असते. हात तंतू ओढतो. काही तुटतात, काही शेजारच्या गुंत्यातून निसटून बाहेर येतात, म्हणून कडेला लव दिसते. माझी मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे फाडण्यास ‘पिंजप’ म्हणतात. मराठीत मात्र पिंजणे ते कापसाचे. कॉलेजात असताना या शब्दावरून मित्र माझी थट्टा करीत. परंतु भिंगातून फाटलेली कड पाहिली की कोंकणी शब्द किती नेमका आहे ते ध्यानात येते. कागद तेथे खरोखरच पिंजलेला असतो.

आता फाडलेले दोन्ही तुकडे जवळजवळ ठेवा. एका तुकड्याच्या रंगीत बाजूस कडेने पांढरी पट्टी दिसेल. दुसऱ्यावर ती दिसणार नाही, ती पाठीमागे दडलेली असेल. कारण रंग केवळ पृष्ठभागावर असतो, पोटात कागद पांढराच. आणि फाटताना कागद सरळ उभा न तुटता तिरपा सोलला जातो. हात उलट दिशेने ओढा, पट्टी दुसऱ्या तुकड्यावर जाईल. ही पांढरी पट्टी कोठे रुंद, कोठे अरुंद असते. कोठे नाहीशीही होते. रंगाची कड आणि कागदाची कड या दोन वेगळ्या रेषा आहेत, त्या समांतर धावत नाहीत. तयार मिळणाऱ्या बहुतेक कडा खोट्या वाटतात, त्याचे मुख्य कारण हेच.

वर्तमानपत्र उभे फाडा, मग आडवे फाडा. उभे बरेचसे सरळ फाटते, आडवे वेडेवाकडे. यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा जाळीवरून पुढे धावतो आणि बरेचसे तंतू त्याच दिशेने आडवे होतात; त्या दिशेने फाडले तर वाट सोपी. उत्तरायणात पतंग फाटला की तो एका बाजूने सरळ चिरत जातो, हे सुरतेच्या मुलांना मी काय सांगावे! हातकागदात मात्र तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात, म्हणून तो कोठूनही फाडला तरी केसाळ आणि अनियमित फाटतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या नावातच ही कला आहे. पुण्यास शिवाजीनगर भागात हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. तेथील कागद कोणी आणून दिला तर त्याची मूळची कड अवश्य पाहा. ती खरबरीत असते, पण फाटलेली नसते. साच्याच्या चौकटीत लगदा थांबतो तेथे ती आपोआप बनते. पुष्कळ जण या दोहोंत गल्लत करतात.

एवढे पाहून झाले की संगणक सुरू करा. आपल्या प्रयोगशाळेत गिंप ही मोफत मिळणारी प्रणाली आहे. ज्यांचे भाऊ किंवा काका साड्यांच्या छपाईचे नक्षीकाम संगणकावर करतात, त्यांच्या घरी फोटोशॉप असेल. रीत दोन्हीकडे सारखीच. सर्वांत उत्तम उपाय असा की खरीच कड वापरावी. पांढरा कागद हाताने फाडून काळ्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि स्कॅनरवर त्याची प्रत घ्या. दर इंचास ३०० ठिपके हे प्रमाण ठेवले तर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे बारा ठिपके होतात, हे ध्यानात असू द्या. या काळ्यापांढऱ्या प्रतीचा मुखवटा करून तो छायाचित्राच्या थरावर चढवा. मुखवट्यात पांढरे तेथे चित्र दिसते, काळे तेथे झाकले जाते. चित्राच्या खाली दुसरा थर घ्या, त्यास किंचित पिवळसर पांढरा रंग द्या आणि हाच मुखवटा त्यासही चढवा. मग वरच्या, म्हणजे चित्राच्या मुखवट्याची कड दहा ते तीस ठिपके आत घ्या. पण सर्वत्र सारखी नव्हे. बारीक कुंचल्याने हातानेच, कोठे जास्त, कोठे कमी. खालचा थर जेथे उघडा पडेल ती तुमची पांढरी पट्टी. या कामास अर्धा तास लागतो, आणि तो लागू द्यावा.

लव काढताना मात्र हात आवरा. तंतूची जाडी साधारण तीस सहस्रांश मिलिमीटर, आणि ३०० च्या प्रमाणात एक ठिपका पंचाऐंशी सहस्रांश मिलिमीटरचा. म्हणजे तंतू ठिपक्याहूनही बारीक. तो ठळक पांढरा काढला तर कागद न दिसता घोंगडे दिसेल. एक ठिपका रुंदीचा कुंचला, त्याची गडदता तिसऱ्या हिश्शावर आणलेली, आणि पाच-सात ठिकाणी दोन-दोन रेषा, पुरे.

सावलीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक वही चुकली होती. साधा कागद एक दशांश मिलिमीटर जाड. त्याची सावली पानावर बोटभर पडेल कशी? तशी पडली तर चित्र पानावर चिकटविलेले न वाटता हवेत तरंगते. फाटलेली कड जेथे किंचित उचललेली असते तेथेच सावली रुंदावते, एरवी ती केसाएवढी असते. आणि एका पानावरील सर्व चित्रांवर उजेड एकाच बाजूने पडला पाहिजे. एका वहीत तर सूर्य चारही दिशांना उगवला होता.

चहाचे डाग, जळक्या कडा, पिवळेपणा हेही तयार मिळते. मला ते आवडत नाही. आपल्या वहीच्या मथळ्यास, रिकाम्या जागेतील रंगीत पट्टीस, सहलीच्या चित्रास फाटकी कड खुशाल द्यावी. तो अलंकार आहे आणि पाहणारा त्यास अलंकार म्हणूनच पाहतो. घरातील खऱ्या कागदास ती देऊ नये. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडील, तेव्हा पुराने नेलेला कोपरा कोणता आणि आपण शोभेसाठी उडविलेला कोणता, हे त्यास कोण सांगणार?

जुने मोडी कागद छापणारे आपले संशोधक यात फार कडक असत. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकलेच आहे. अशा कागदांची छापील पुस्तके चाळून पाहा. मूळ कागद फाटलेला असेल तेथे ओळीत टिंबे दिलेली आढळतात. पुढचा शब्द काय असावा हे संपादकास पुष्कळदा कळत असते. तरी तो मजकुरात मिसळून देत नाहीत. संगणकावरही हे साधते. खोडरबराने पुसलेले परत येत नाही. मुखवट्याने झाकलेले मात्र केव्हाही उघडता येते. म्हणून खोडरबर वापरू नका, आणि पहिली प्रत जशीच्या तशी, हात न लावता, वेगळी ठेवा.

त्या मुलीने सुदैवाने पहिली प्रत पुसली नव्हती. नाताळच्या सुट्टीपूर्वी तिने ते पान पुन्हा केले. यावेळी कार्डामागे गडद करडा रंग ठेवला, म्हणजे गेलेला कोपरा स्पष्ट उमटावा. पुराची रेघही ठेवली. तो कोपरा कात्रीने कापलेला नाही, घाईघाईने हाताने फाडलेला आहे, हे मोठ्या आकारात प्रथमच तिच्या लक्षात आले. कडेला दोन तंतू अजून उभे आहेत. पान छापून तिने आजोबांस दाखविले. त्यांनी ते दाराबाहेरच, ओट्यावर बसून पाहिले आणि तेथूनच तिच्याकडे परत दिले. वही आता शाळेच्या ग्रंथालयात आहे.