बाटली उघडली त्या दिवसाची तारीख

आईची थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. पहाटे उठायचं, चूळ भरायची, उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहाला हात लावायचा नाही, या क्रमात तिने कधी खाडा केला नाही. तरीही एका पावसाळ्याच्या शेवटी रक्ताच्या तपासणीत तिचं टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की चढणारा आकडा, वाढलेलं निघालं. पाय जड, आवाज घोगरा, दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. डॉक्टरांनी डोस वाढवला. दिवाळीनंतर पुन्हा तपासलं, तर आकडा जेमतेम हललेला. मग त्यांनी एकेक विचारलं: कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सोबत घेता का, चहा लवकर होतो का, एखादा दिवस चुकतो का. सगळ्याला नकार मिळाल्यावर ते म्हणाले, "आजी, तुमची बाटली घरात असते कुठे?"

ती असायची ओट्याच्या वरच्या फळीवर, खिडकीशी. आमचं घर नाशिकला पंचवटीतलं, जुनं. पावसाळ्यात भिंतींना ओल धरते आणि बरणीतलं मीठ ओघळतं. त्या फळीखालीच सकाळ-संध्याकाळ कुकरची वाफ. बोटं दुखतात म्हणून आई झाकण घट्ट लावायची नाही, नुसतं टेकवून ठेवायची. बाटलीतली सिलिका जेलची पुडी नातवंडांच्या तोंडात जाईल म्हणून तिने पहिल्याच दिवशी काढून टाकलेली. या गोळ्या आपल्याकडे बहुधा 100 किंवा 120 च्या बाटलीत मिळतात. रोज एक घेतली तर उघडलेली बाटली तीन-चार महिने घरात राहते आणि रोज एकदा तिच्यात वाफेची हवा शिरते.

या गोळीतल्या थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि दमटपणा, तिन्ही सोसत नाहीत. शिवाय एका गोळीत औषध असतं 25, 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग. इतक्याशातलं थोडं जरी वाया गेलं तरी रक्ताच्या तपासणीत ते दिसतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नवी बाटली आणली, ती आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवली. दोनेक महिन्यांनी टीएसएच उतरलं आणि पुढे डॉक्टरांनीच डोस पूर्वीइतका केला. साठवणीमुळेच हे घडलं असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण दुसरं काहीच बदललेलं नव्हतं.

तेव्हापासून शेजारीपाजारी, नातेवाइकांत मी हे सांगत असतो. छापलेली मुदत ही बंद बाटलीची मुदत असते, तीही सांगितल्याप्रमाणे ठेवली तर. झाकण उघडलं की हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून बाटली उघडताच तिच्यावर पेनाने तारीख घाला. डोळ्यांच्या थेंबांची बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते, आत कितीही उरलेलं असो, कारण त्यात जंतू वाढू लागतात. मुलांच्या अँटिबायोटिकची पावडर पाण्यात कालवली की ते सिरप औषधाप्रमाणे पाच-सात किंवा दहा दिवसच चालतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं सिरप तर फ्रिजमध्ये ठेवूनही सातच दिवस. उरलेलं सिरप पुढच्या तापाला देणाऱ्या घरांची मला खरोखर काळजी वाटते.

नाशिकची हवा थंड, असं आपण म्हणतो. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि बहुतेक औषधांच्या वेष्टनावर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर गोळ्या ठेवू नयेत. बाथरूममधलं आरशाचं कपाट आणि स्वयंपाकघर या तर सगळ्यांत वाईट जागा. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजावं की ओल्या हवेने त्या फुटून त्यांतून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतंय. त्या घेऊ नयेत. मात्र बहुतेक औषधं अशी खूण देत नाहीत. आईच्या गोळ्याही शेवटपर्यंत पांढऱ्याशुभ्र होत्या.

इन्सुलिनचं वेगळं. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलं आणि गोठलं, तर वितळल्यावरही ते निरुपयोगीच. वापरात घेतलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे चालतं, तेही हवा फार तापलेली नसेल तर. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत वीज गेली की फ्रिज बंद. तिथे ओल्या वाळूत बसवलेलं मातीचं मडकं उन्हाळ्यात चांगली साथ देतं, कारण हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडतं. पावसाळ्यात ते तितकं गार राहत नाही. कुपीत पाणी शिरू नये म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

वारांच्या खणांचा डबा म्हाताऱ्या माणसांना सोयीचा, मीही आईला आणून दिला आहे. पण प्रत्येक गोळी त्यात सुटी टाकता येत नाही. फिट्सवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतली ओल शोषून घेतं. रक्त पातळ ठेवणारं डॅबिगाट्रान मूळ वेष्टनातच ठेवावं लागतं. हृदयाच्या गोळ्या खिशात कागदाच्या पुडीत बाळगणारे पुष्कळजण पाहिले आहेत. त्यांनी स्ट्रिपसकट कापून ठेवाव्यात. कापताना मुदत छापलेला कोपरा शेवटपर्यंत राखावा. मेडिकलवाल्याने चारच गोळ्या कापून दिल्या तर मुदत आणि बॅच नंबर बिलावर आहे का ते बघून घ्यावं. खोकाही लगेच फेकू नये. 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यात बॅच आणि मुदत सापडते. सिलिकाची पुडी बाटलीत राहू द्यावी, कापूस मात्र काढून टाकावा, तो ओल धरतो. लहान मुलं असतील तर बाटली उंचावर, कुलपात.

मुदत संपलेलं सिरप मोरीत ओतू नये, ते पाणी शेवटी गोदावरीच्या वाटेला लागतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी जुनी औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी बांधावीत, लेबलवरचं नाव खोडावं आणि घंटागाडीवरच्या माणसाला आत औषधं आहेत असं सांगून हातात द्यावीत.