दुखत नाही म्हणून थांबू नका

एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले, पण डोळा लाल नाही की दुखत नाही. मग घरात ठरते, आज ड्रॉप घालू, सकाळी बघू. वाचकहो, कळकळीने सांगतो, ती सकाळ उजाडण्याची वाट पाहू नका. दृष्टिपटलाची मुख्य धमनी बंद पडली की नजर अशीच मुकाट्याने, बघता बघता जाते. रक्त न मिळालेले दृष्टिपटल जेमतेम काही तास तग धरते.

हा डोळ्यातला स्ट्रोकच. म्हणून स्ट्रोकवर चोवीस तास उपचार होतात अशाच रुग्णालयात थेट जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे का, हे साडेचार तासांच्या आत ठरवावे लागते. त्याने नजर परत येतेच असे नाही, तज्ज्ञांतही यावर मतभेद आहेत. तरीही धावपळ करायचीच, कारण पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा धोका बराच वाढलेला असतो.

गुठळी बहुधा मानेतल्या चरबी साचलेल्या धमनीतून किंवा हृदयातून येते. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू ही त्यामागची नेहमीची कारणे. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर धोका आणखी वाढतो. तरुण रुग्ण असेल तर मी लहानपणीच्या सांधेतापाबद्दल आवर्जून विचारतो. त्यातून हृदयाची झडप खराब झालेली असू शकते.

पन्नाशीनंतर कानशील दुखणे, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळणे, घास चावताना जबडा भरून येणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. ही धमन्यांना सूज आल्याची लक्षणे असू शकतात; ती सूज दुसरा डोळाही नेऊ शकते आणि स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावे लागते.

नजर किती उरेल हे मुख्य धमनी बंद झाली की तिची फांदी, आणि किती वेळ, यावर ठरते. काहींना जन्मतःच मध्यभागाला रक्त देणारी वेगळी बारीक धमनी असते, त्यांचे समोरचे दिसणे वाचू शकते. पुढे डोळ्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने तपासणी चुकवू नका.

पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन पाच-दहा मिनिटांत नजर पूर्ववत झाली, तरी त्याच दिवशी दाखवा. निघताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या घ्या आणि शेवटचे नीट कधी दिसत होते ती वेळ लिहून न्या.