बुद्धिबळाची चाल आणि संगणकाची निवड

उद्देश. — बुद्धिबळातील चाली मुलांस समजाव्यात आणि 'संगणक विचार करतो' असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा अर्थ बेरीज-वजाबाकीच्या आधारे त्यांच्या ध्यानी यावा, हा या पाठाचा उद्देश आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शार्दूल गागरे यांनी २०१६ साली ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, हे आरंभी सांगितल्यास मुलांचे कुतूहल जागे होईल.

साहित्य. — पट व मोहरी. पट नसल्यास फरशीवर खडूने ६४ घरे आखावीत आणि मोहऱ्यांऐवजी खडे व चिंचोके घ्यावेत.

चाली. — हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, वजीर दोन्ही प्रकारे जातो. राजा कोणत्याही बाजूस एकच घर सरकतो. घोडा अडीच घरे चालतो व मधल्या मोहऱ्यांवरून उडी घेतो. प्यादे पुढे एक घर जाते, पहिल्या खेपेस दोन घरेही जाऊ शकते. मारते मात्र तिरके. राजावर हल्ला झाला म्हणजे शह, आणि त्यातून सुटका नसली म्हणजे मात.

मोजणी. — पांढऱ्याला पहिली चाल किती प्रकारे करता येईल, हे मुलांकडूनच मोजून घ्यावे. प्याद्यांच्या १६ व घोड्यांच्या ४, मिळून २० चाली होतात. काळ्यालाही तितक्याच असल्याने दोन चालींतच २० × २० = ४०० प्रकार होतात. सर्व डाव शेवटपर्यंत मोजणे कोणत्याही यंत्रास का साधत नाही, हे यावरून उमगेल.

संगणकाची रीत. — प्याद्यास १, घोडा व उंट यांस प्रत्येकी ३, हत्तीस ५ व वजिरास ९ अशी किंमत धरण्याचा प्रघात आहे. पांढऱ्यापुढे तीन चाली आहेत, असे समजून फलकावर पुढीलप्रमाणे मांडणी करावी.

(१) उंटाने घोडा मारला; प्याद्याने उंट मारला : ३ − ३ = ०
(२) हत्तीने उंट मारला; प्याद्याने हत्ती मारला : ३ − ५ = −२
(३) वजिराने प्यादे मारले; घोड्याने वजीर मारला : १ − ९ = −८

केवळ आपली चाल पाहणाऱ्यास पहिल्या दोन्ही चाली सारख्याच लाभाच्या वाटतात. संगणक प्रतिपक्षाचे सर्वांत प्रभावी उत्तर गृहीत धरतो आणि त्यानंतर जी चाल सर्वांत चांगली उरते, ती निवडतो, येथे पहिली. शिवाय पहिल्या चालीचे फळ ० आल्यावर दुसरीला −२ करणारे एक उत्तर सापडले, की तिची उरलेली उत्तरे तो तपासत नाही. यामुळे पुष्कळ श्रम वाचतात.

१९९७ साली न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेते गॅरी कास्पारॉव यांना ३½–२½ असे हरविले. तो सेकंदास सुमारे २० कोटी स्थिती तपाशी. तरीही काही चालींनंतर थांबून त्याला स्थितीची किंमत अंदाजावी लागे.

शिक्षकांस सूचना. — पाठाचा मुख्य भाग येथे आहे. हत्तीची किंमत ५ ऐवजी २ लिहून हिशेब पुन्हा करण्यास सांगावे. आता दुसरी चाल ३ − २ = १ अशी श्रेष्ठ ठरते! मोजणी अचूक असूनही निवड चुकली, कारण दिलेली किंमतच चुकीची होती. यंत्राचे उत्तर आले म्हणजे ते खरेच, असे मुले समजतात. किंमत कोणी व कशी ठरविली, हे विचारण्याची सवय त्यांस लागावी. २०१७ सालच्या 'अल्फाझिरो' या आज्ञावलीस अशा किमती दिल्या नव्हत्या. केवळ नियम घेऊन, स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून तिने आपला अंदाज घडविला. तरीही तो अंदाजच होय.

स्वाध्याय. — (१) रिकाम्या पटाच्या कोपऱ्यातील घोड्यास किती घरे मोकळी असतात? मध्यभागी किती? (२, ८) (२) वरील मांडणीत वजिराची किंमत ३ धरल्यास निवड बदलेल काय? (नाही; १ − ३ = −२) (३) प्रत्येक मुलाने चाल करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे एक संभाव्य उत्तर मोठ्याने सांगावे आणि मगच मोहऱ्यास हात लावावा.